साठ दिवसांची नोटीस आणि वकिलाची निवड

श्रोतेहो, नमस्कार.

घरकर्जाचे हप्ते थकल्यावर बँकेची नोटीस येते, आणि बहुतेक घरांत ती आधी लपवली जाते. म्हाताऱ्या आईवडिलांच्या हाती लागू नये म्हणून कर्ता माणूस ती कपाटात ठेवून देतो. हे समजण्यासारखे आहे. पण ज्या साठ दिवसांत वकिलाचा खरा उपयोग होतो, ते दिवस त्या कपाटातच संपतात.

२००२ सालच्या सरफेसी कायद्यानुसार बँकेला दिवाणी दावा न लावता गहाण घराचा ताबा घेऊन ते विकता येते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत (एनपीए), ठरते आणि कलम १३(२) खालील ६० दिवसांची नोटीस निघते. या मुदतीत कर्जदाराने लेखी हरकत घेतली आणि बँकेला ती मान्य नसली, तर तिला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. व्याजाची आकारणी चुकली असेल किंवा भरलेले हप्ते जमा दाखवले नसतील, तर ते नोंदवण्याची जागा हीच. म्हणून हे पत्र वकिलाकडून लिहून घ्यावे. पुढे बँक दारावर ताब्याची नोटीस चिकटवते आणि ती दोन वर्तमानपत्रांत छापते. तेथून ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे कलम १७ खाली अर्ज करता येतो.

या प्रकरणांत दिवाणी न्यायालयाला कलम ३४ ने अधिकारच ठेवलेला नाही. त्यामुळे आपल्या वडिलांचा जमिनीचा दावा जिंकून देणारे वकील कितीही निष्णात असले, तरी या कामासाठी तेच योग्य असतील असे नाही. न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. साताऱ्याच्या माणसाने पुण्यात नियमित उभे राहणारा वकील पाहावा आणि आजवर असे किती अर्ज चालवले, हे न संकोचता विचारावे. पहिल्या भेटीला जाताना मंजुरीपत्र, कर्जकरार, खातेउतारा आणि नोटिशीचे पाकीटसुद्धा न्यावे, कारण नोटीस कधी मिळाली हा पुढे वादाचा मुद्दा होऊ शकतो.

खरे देणे कोणताही वकील पुसून टाकू शकत नाही. तो नोटिशीतील आणि लिलावातील त्रुटी दाखवू शकतो, बँकेशी एकरकमी तडजोडीची बोलणी करू शकतो, स्थगिती मागू शकतो. आणि स्थगिती देताना न्यायाधिकरण अनेकदा काही रक्कम भरायला सांगते, तिची तयारी ठेवावी लागते. “घर वाचले तरच पैसे द्या” असे सांगणाऱ्यापासून मात्र सावध राहावे. निकालावर अवलंबून फी ठरवणे वकिलांना नियमाने वर्ज्य आहे. कोऱ्या कागदावर सही तर कोणालाच देऊ नये. शिवाय सरफेसी कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीनंतर संपूर्ण थकबाकी भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. आणि घरकर्जात पत्नी बहुधा सहकर्जदार असल्यामुळे ती नोटीस तिच्याही नावाने आलेली असते.