चातालजाचे स्टेशनमास्तर

श्रोतेहो, नमस्कार. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते अब्दुलमजीद दुसरे हे ऑटोमन घराण्यातले असूनही सुलतान झाले नाहीत, केवळ खलिफा झाले, हे आरंभीच ध्यानात घ्यावे. तुर्कस्तानच्या राष्ट्रीय सभेने १ नोव्हेंबर १९२२ रोजी सल्तनत बरखास्त केली, शेवटचे सुलतान सहावे मेहमेद ब्रिटिश युद्धनौकेतून निघून गेले आणि मग त्याच सभेने अब्दुलमजीद यांना खलिफा म्हणून निवडले. राज्य नाही, सैन्य नाही, फक्त धर्मपीठाचा मान. आणि तोही अवघा सव्वा वर्ष टिकला.

सुलतान अब्दुलअझीझ यांचे हे पुत्र १८६८ साली जन्मले. त्यांचा खरा ओढा चित्रकलेकडे होता. त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात घरातल्या दिवाणखान्यात बीथोवेनचे संगीत चालले आहे आणि वाजवणाऱ्यांत स्त्रियाही आहेत. राजपुरुषांच्या चरित्रात लढायांना प्रकरणेच्या प्रकरणे मिळतात आणि कलेची बोळवण एका ओळीत होते, हे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे.

आता तो प्रसंग. ३ मार्च १९२४ रोजी राष्ट्रीय सभेने खिलाफतही रद्द केली. त्याच रात्री दोल्माबाहचे राजवाड्याला पोलिसांचा वेढा पडला, टेलिफोनच्या तारा तोडल्या गेल्या आणि खलिफांना देश सोडण्याचा हुकूम ऐकवण्यात आला. इस्तंबूलच्या सिर्केजी स्टेशनवर लोक जमतील, या धास्तीने त्यांना कुटुंबासह उजाडण्यापूर्वीच मोटारीत बसवून शहराबाहेरच्या चातालजा या लहानशा स्टेशनवर नेण्यात आले. युरोपची गाडी यायची होती ती रात्री. तोवर सहाशे वर्षांच्या राजघराण्यातली ही माणसे, त्यांत खलिफांची दहा वर्षांची कन्या दुर्रुशहवार, थांबणार तरी कुठे?

तेथील स्टेशनमास्तर ज्यू होते. त्यांनी आपले राहते बिऱ्हाड पाहुण्यांना मोकळे करून दिले, आपल्या घरच्यांसह त्यांची सरबराई केली, चहा दिला. खलिफा आभार मानू लागले, तेव्हा स्टेशनमास्तरांनी त्यांना थांबवले. आमच्या पूर्वजांना स्पेनमधून हाकलले गेले, तेव्हा आपल्याच घराण्याने त्यांना आसरा दिला, तेव्हा आपल्या पडत्या काळात आपली सेवा करणे हे आमचे कर्तव्यच आहे, अशा अर्थाचे ते बोलले. खलिफांचे डोळे भरून आले. खलिफांच्या चिटणिसांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. स्पेनमधली ती हकालपट्टी १४९२ सालची आणि आसरा देणारे सुलतान दुसरे बायेझीद; म्हणजे चारशे बत्तीस वर्षांपूर्वीचे उपकार त्या स्टेशनमास्तरांच्या घरात कोणी विसरले नव्हते. पुन्हा सांगतो, चारशे बत्तीस वर्षे. बायेझीद यांच्या वडिलांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले हे आपण शाळेत घोकतो. मुलाने निर्वासितांना बंदरे उघडली, हेही तितक्याच ठळकपणे शिकवले जायला हवे.

पुढे स्वित्झर्लंड आणि मग फ्रान्समधले नीस शहर. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना दरमहा ३०० पौंडांचे वेतन बांधून दिले. १९३१ साली नीसमध्येच दुर्रुशहवार यांचा विवाह निजामांचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी झाला. या सोयरिकीची एक खूण आपल्या मराठवाड्यातही आहे, कारण खुलताबादजवळ खलिफांसाठी मकबरा बांधून घेण्यात आला. मात्र तेथे त्यांचे दफन झाले नाही. २३ ऑगस्ट १९४४ रोजी ते पॅरिसमध्ये वारले, तुर्कस्तानने मायदेशी दफनाला परवानगी नाकारली, पार्थिव सुमारे दहा वर्षे पॅरिसच्या मशिदीत राहिले आणि अखेर १९५४ साली मदिनेत त्यांना मूठमाती मिळाली.

चातालजाच्या त्या बिऱ्हाडात गाडीची वाट पाहणाऱ्या दुर्रुशहवार मात्र हैदराबादच्या झाल्या. जुन्या शहरात, पुरानी हवेलीपाशी, मुलांचे रुग्णालय त्यांच्या नावाने चालते.