तांदूळ घातलेला साबण: भांड्यात नेमकं काय होतं

काचेच्या छोट्या बशीत तांदळाचे सहा-सात दाणे ठेवलेत आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी ओतलंय, अगदी पातळ, १.७ टक्क्यांचं. बशी झाकायची, ३० अंशांला ठेवून द्यायची आणि २३ तासांनी उघडायची. ना गॅस ना उकळी, तरी दाणे फुगलेले असतात, कडेने उललेले असतात, आणि काही जातींचे तर पार विरघळून भोवती पांढरट, धूसर वलय पसरलेलं असतं. तांदळावर संशोधन करणाऱ्या लॅबमध्ये ही टेस्ट नेहमीची आहे, दाण्यातला स्टार्च साधारण किती तापमानाला शिजेल याचा अंदाज त्यावरून बांधतात. पण साबण करणाऱ्याने हे दाणे जरा निरखून बघावेत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारख्या अल्कलीत तांदूळ आचेशिवाय शिजतो, आणि साबणासाठी आपण जे कॉस्टिक सोड्याचं पाणी करतो ते या बशीतल्या पाण्यापेक्षा कितीतरी पट कडक असतं.

घरी तांदळाचा साबण करताना जे घोळ होतात ना, त्यातले बरेचसे इथूनच सुरू होतात.

आधी साबण म्हणजे काय ते पटकन बघू. तेल किंवा चरबी घ्यायची, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे आपला कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवून घालायचा, दोघांची रिअ‍ॅक्शन होते आणि हाती येतात दोन गोष्टी, साबण आणि ग्लिसरीन. माणूस हजारो वर्षं साबण करत आलाय, पण आत काय चाललंय ते नीट कळलं ते मिशेल युजीन शेव्रूल या फ्रेंच केमिस्टमुळे, १८२३ साली त्याचं चरबीवरचं काम छापून आलं आणि चरबी म्हणजे फॅटी अ‍ॅसिड आणि ग्लिसरीन यांची जोडणी असते हे समोर आलं. आपल्यासाठी त्यातला कामाचा भाग एवढाच की प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं. १ ग्रॅम खोबरेल तेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्ह ऑइलला ०.१३४ च्या आसपास, एरंडेलाला ०.१२८. म्हणून साबणाचं माप वाटी-चमच्याने घेत नाहीत, डिजिटल वजनकाट्यावरच घेतात, पाणीसुद्धा.

आता या सगळ्यात तांदूळ कुठे बसतो? रिअ‍ॅक्शनमध्ये त्याचा काहीच रोल नाही, तो पाहुणा आहे. साबण होतो तो तेल आणि कॉस्टिकमुळे, तांदूळ नसता तरी झालाच असता. पण वडी हाताला कशी लागते आणि फेस कसा येतो, तिथे तांदूळ खरंच फरक पाडतो, आणि मला वाटतं तेवढ्यासाठी तो घालण्यासारखा आहे. तांदळाच्या स्टार्चचे कण फार बारीक असतात, साधारण २ ते ८ मायक्रॉन, धान्यांच्या स्टार्चमध्ये सगळ्यात बारीक कणांत त्यांची गणती होते. बटाट्याच्या स्टार्चचे मोठे कण १०० मायक्रॉनपर्यंत जातात, म्हणजे बघा किती फरक आहे. त्यामुळे तांदळाचं बारीक पीठ घातलेली वडी हातावर रेशमी फिरते, आणि शिजलेला स्टार्च फेसाच्या बुडबुड्यांभोवतीचं पाणी थोडं दाट करतो म्हणून फेस मोठमोठ्या फुग्यांचा न येता घट्ट, साईसारखा येतो आणि जरा जास्त वेळ टिकतो.

बस, एवढंच. त्वचा उजळते, डाग जातात, वय कमी दिसतं असे दावे तांदळाच्या साबणावर खूप केले जातात आणि ते ऐकून लोक कॉस्टिकसारखी गोष्ट घरात आणतात, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. एक तर तांदळातलं जे काही असेल ते आधी कॉस्टिकच्या भट्टीतून जातं, आणि त्यातून जे उरतं ते अंगावर असतं अर्धा-एक मिनिट, मग पाण्याबरोबर मोरीत. उजळपणासाठी ज्या कोजिक अ‍ॅसिडचं नाव तांदळाला जोडून घेतात ते तर तांदळात नसतंच, ते एका बुरशीपासून मिळतं, तांदूळ आंबवताना जी वापरतात तिच्यापासून. आणि तांदूळ घातला म्हणून साबण सौम्य होत नाही. खरा साबण अल्कलाइनच असतो, पीएच ९ ते १०, तांदळाने तो खाली येत नाही. सौम्यपणा येतो तो तेलांच्या निवडीतून आणि थोडं तेल मुद्दाम मोकळं सोडण्यातून, त्याला सुपरफॅट म्हणतात, साधारण ५ टक्के ठेवतात.

तर तांदूळ घालायचा कसा. बहुतेक जण पहिला विचार करतात तो धुवणाचा किंवा पेजेचा, की साध्या पाण्याऐवजी त्यातच कॉस्टिक विरघळवू. ऐकायला सोपं वाटतं पण बशीतले दाणे आठवा. स्टार्चच्या पाण्यात कॉस्टिक पडलं की ते पाणी बघता बघता दाट होतं, चिकट होतं, रंग पिवळट पडतो, आणि खरी भीती रंगाची नाहीच, कॉस्टिकचे खडे त्या चिकटात अडकून तसेच राहू शकतात. तो खडा साबणात गेला तर वडीत कॉस्टिकचा कप्पा राहतो आणि तो थेट कातडी भाजतो. पातळ धुवण असेल, बर्फ करून घेतलेलं असेल आणि ढवळायला धीर असेल तर काही लोक तसंही करतात, पण सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

त्यापेक्षा पाणी दोन भागांत घ्या. समजा एकूण तेल ५०० ग्रॅम आहे, त्यात ३२५ ऑलिव्ह, १५० खोबरेल आणि २५ एरंडेल. ५ टक्के सुपरफॅट धरून याला कॉस्टिक लागतं साधारण ७० ग्रॅम आणि पाणी १४०. यातलं ९० ग्रॅम साधं पाणी, शक्यतो डिस्टिल्ड, ते कॉस्टिकसाठी, कारण कॉस्टिक विरघळायला निदान त्याच्या वजनाइतकं पाणी लागतंच. उरलेलं ५० ग्रॅम पाणी तांदळाच्या पेस्टसाठी, त्यात २५ ग्रॅम मऊ शिजलेला भात घालून मिक्सरला इतका बारीक वाटायचा की बोटांत चोळला तर कणी लागता कामा नये, वर गाळणीतूनही काढायचा. भाताची शितं राहिली तर ती साबणात वाळून कडक, तपकिरी ठिपके होतात आणि अंगाला टोचतात. ही पेस्ट तेलात घालून आधीच एकजीव करून ठेवायची, म्हणजे कॉस्टिकची आणि तिची गाठ पडते तेव्हा सगळं आधीच विरघळलेलं असतं. तुम्ही तेलं बदलणार असाल तर हे ७० ग्रॅम धरून बसू नका, लाय कॅल्क्युलेटरवर (लाय म्हणजे कॉस्टिकचं पाणी) पुन्हा हिशोब काढा, दर वेळी.

आणि आता जरा थांबून कॉस्टिकबद्दल ऐका. हातात ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर गॉगल, खिडकी उघडी, मुलं आणि जनावरं दुसऱ्या खोलीत. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येऊ शकतं. पाणी स्वतःच तापतं, ८० अंशांच्या वर सहज जातं आणि सुरुवातीला वाफ येते ती नाकात घेऊ नका. भांडं स्टीलचं किंवा जाड पॉलिप्रॉपिलीनचं, अ‍ॅल्युमिनियमचं अजिबात नको, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सुटतो जो पेट घेतो. ड्रेन साफ करायच्या पावडरीत इतर गोष्टी मिसळलेल्या असतात, ती वापरायची नाही, शुद्ध सोडियम हायड्रॉक्साइडच हवं. अंगावर उडालंच तर व्हिनेगर शोधत बसू नका, लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि निदान १५-२० मिनिटं धरून ठेवा. डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच डॉक्टरकडे जायची तयारी करा.

तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ३५-४० अंशांवर आली की मिसळायला घ्यायचं. हॅन्ड ब्लेंडर थोडा फिरवायचा, बंद करून हाताने ढवळायचं, परत थोडा फिरवायचा. इथे नीट बघा, पहिले काही सेकंद तेल आणि पाणी वेगवेगळं दिसतं, कडेला चकचकीत तेलाची रेघ असते, मग ती रेघ जाते, रंग फिका पडतो, आणि ब्लेंडर वर उचलला तर थेंब पडल्यावर त्याची खूण पृष्ठभागावर क्षणभर तशीच राहते. याला ट्रेस म्हणतात. तांदळामुळे मिश्रण आधीच दाटसर असतं त्यामुळे ट्रेस आल्यासारखा वाटतो आणि आलेला नसतो, हा तांदळाच्या साबणातला खास धोका आहे. म्हणून दाटपणावर जाऊ नका, कडेच्या तेलावर लक्ष ठेवा. तेलाचा एकही तवंग दिसेनासा झाला की साच्यात ओता.

तांदळाचं पीठ घालायचं असेल तर तेही आधी चमचाभर तेलात कालवून, गुठळ्या मोडून, मग हलक्या ट्रेसला घालायचं. ५०० ग्रॅम तेलाला एक-दोन चहाचे चमचे पुरे होतात. आवडलं म्हणून चार-पाच चमचे घातले तर पीठ पाणी ओढून घेतं, वडी कोरडी पडते, वरून तडे जातात आणि कापताना तुकडे पडतात. पीठही एकदम बारीक हवं, रवाळ पिठाने साबण स्क्रबसारखा होतो आणि चेहऱ्याला ते नको.

आंबवलेलं धुवण वापरणारेही खूप आहेत. त्यात लॅक्टिक अ‍ॅसिड तयार झालेलं असतं, ते कॉस्टिकचा काही भाग खाऊन टाकतं आणि त्याचं सोडियम लॅक्टेट होतं. सोडियम लॅक्टेटने वडी टणक होते हे चांगलंच, पण कॉस्टिक कमी पडल्याने तेल ठरवल्यापेक्षा जास्त मोकळं राहतं. कितपत आंबलंय ते घरी मोजता येत नाही तेव्हा प्रमाण थोडकंच ठेवावं.

राइस ब्रॅन ऑइल मात्र माझ्या आवडीचं आहे, तांदळाच्या कोंड्यातून काढलेलं. साबणात तांदूळ हवाच असेल तर या रूपात तो नुसता पाहुणा राहत नाही, स्वतःच साबण होतो. फेस मऊ येतो, ट्रेस सावकाश येतो म्हणजे हाताशी वेळ मिळतो. त्यात लिनोलिइक अ‍ॅसिड बरंच असतं, साधारण एक तृतीयांश, आणि ते हवेने लवकर खवट होतं, म्हणून एकूण तेलाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवलेलं बरं, नाहीतर काही महिन्यांनी वडीवर नारिंगी डाग दिसायला लागतात आणि जुन्या तेलासारखा वास येतो. कच्चा कोंडा तर घालूच नका, दळल्याबरोबर त्यातलं एन्झाइम तेल फोडायला लागतं आणि तो काही तासांतच खराब व्हायला सुरुवात होते.

तयार सोप बेस वितळवून साच्यात ओतणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. त्या बेसमध्ये मोकळं कॉस्टिक उरलेलं नसतं, त्यामुळे त्यात धुवण, पेज किंवा भात घातला तर तो ओला अन्नपदार्थ तसाच आत राहतो आणि बुरशी धरू शकतो. तिथे चिमूटभर कोरडं, बारीक पीठ एवढंच घाला.

साच्यातून वडी २४ ते ४८ तासांनी निघते, तांदळाची असेल तर कधी कधी जरा मऊ असते, मग आणखी एक दिवस राहू द्या, ओढाताण करू नका. ग्लोव्ह्ज घालूनच कापा कारण अजून ती कच्ची आहे. वड्या एकमेकींना न लागता, वारं लागेल पण ऊन लागणार नाही अशा ठिकाणी ४ ते ६ आठवडे ठेवायच्या. रिअ‍ॅक्शन पहिल्या काही दिवसांतच जवळजवळ संपते, पुढचे आठवडे पाणी उडायला आणि वडी घट्ट व्हायला लागतात. एक वडी बाजूला काढून दर आठवड्याला तिचं वजन लिहून ठेवा, वजन उतरायचं थांबलं की ती तयार. त्याच कागदावर तेलांची, कॉस्टिकची आणि तांदळाची मापंही टिपून ठेवा, आणि पुढच्या बॅचला बाकी काहीही न बदलता फक्त तांदूळ वगळून बघा, दोन वड्या दोन हातांत घेऊन फेस काढा, तांदळाने नेमकं काय केलं ते तुमचे हातच सांगतील.