पोल त्रेत्यिवा, म्हणजे किती वाजले? मराठीतून शिकूया रशियन आकडे

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर घड्याळ आहे आणि त्यात अडीच वाजलेत. रशियन माणूस हीच वेळ सांगताना म्हणेल, 'पोल त्रेत्यिवा'. 'पोल' म्हणजे अर्धा, 'त्रेत्यिवा' म्हणजे तिसऱ्याचा. इंग्रजीतून रशियन शिकणारा इथे हमखास फसतो. 'अर्धा' आणि 'तीन' कानावर पडलं की त्याच्या डोक्यात साडेतीन येतात, आणि बिचारा तासभर उशिरा पोचतो.

आपल्याला फसायचं काही कारण नाही. आपलं 'अडीच' कुठून आलं? 'अर्धतृतीय' या संस्कृत शब्दातून. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा झाला, म्हणजे अडीच. हिशोब तोच, फक्त शतकानुशतकं झिजून शब्दाचा चेहरा बदलला. 'दीड'चंही तसंच, त्यात दुसरा अर्धा आहे. रशियनमध्ये दीड वाजता म्हणतात 'पोल फ्तरोवा', म्हणजे दुसऱ्याचा अर्धा.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की रशियन आकडे शिकताना मध्ये इंग्रजी आणूच नका. बहुतेक ॲप इंग्रजीतून शिकवतात, त्यामुळे आपल्याकडे आधीच असलेलं अर्धं भांडवल तसंच पडून राहतं.

आता घड्याळ हातात घेतलंच आहे तर ते पूर्ण करू. पावणेतीन. 'पावणे' म्हणजे पाव उणा. रशियन म्हणतो 'बेस च्येत्विर्ती त्री', म्हणजे पाव वगळून तीन. शब्दाला शब्द! तीनला पाच कमी असतील तर 'बेस पिती त्री', पाच वगळून तीन. सव्वाला मात्र जपा. आपण सव्वादोन म्हणतो, म्हणजे दोन आणि वर पाव. रशियन इथेही पुढच्या तासाकडेच बघतो. 'च्येत्विर्त्य त्रेत्यिवा', तिसऱ्याचा पाव. त्यामुळे 'पाव' आणि 'तीन' ऐकून सव्वातीन समजू नका, ते सव्वादोन आहेत. इथे मराठी तुम्हाला दगा देईल, आणि साडेतीनपासून पुढच्या 'साडे'च्या वेळांनाही, कारण तिथेही रशियन पुढच्याच तासाचा अर्धा म्हणतो.

आणि हे फक्त घड्याळापुरतं नाही बरं का. दीडसाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'पल्तरा'. दीड रूबल, 'पल्तरा रुब्ल्या'. दीडशेसाठीसुद्धा आहे, 'पल्तरास्ता'. आज तो थोडा जुन्या वळणाचा वाटतो, पण लोकांना कळतो. जुन्या रशियनमध्ये अडीचलाही असाच शब्द होता, तो पुढे मागे पडला. आपल्याकडे दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे पाठ करून घ्यायचे, त्यातली औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. 'औट' म्हणजे अर्धा चौथा. आजी-आजोबांना विचारा, एखाद्याला अजून येत असेल.

बरं, आता मुळाक्षरांसारखं पाठ करायचं ते करून टाकू. माझ्याबरोबर मोठ्याने म्हणा.

(स्क्रीनवर: १ ते १०)

अदीन, द्वा, त्री, चितीरी, प्यात्य. शेस्त्य, स्येम, वोसिम, द्येवित्य, द्येसित्य.

'प्यात्य'मधला शेवटचा 'य' पूर्ण म्हणायचा नाही. 'त' म्हणताना जीभ टाळूकडे नेली की झालं. 'द्वा', 'त्री' ऐकून संस्कृतातले द्वि, त्रि आठवले असतील. आठवणारच, भाषांचं घराणं एक आहे. नऊ आणि दहा मात्र कानाला जुळे लागतात, द्येवित्य आणि द्येसित्य. बाजारात घोटाळा होतो तो यांचाच. मधल्या 'व' आणि 'स'कडे कान ठेवा.

अकरा ते एकोणीस सोपं आहे. 'अदीनत्सत्य' म्हणजे 'दहावर एक', 'द्विनात्सत्य' म्हणजे 'दहावर दोन', आणि असंच पुढे. वीस 'द्वात्सत्य', तीस 'त्रीत्सत्य'. बारा आणि वीस, 'द्विनात्सत्य' आणि 'द्वात्सत्य', हे दोन वेगवेगळे म्हणून बघा. पुन्हा म्हणा.

आणि आता आनंदाची बातमी. एकवीस म्हणजे 'द्वात्सत्य अदीन'. वीस एक. बावीस म्हणजे वीस दोन. आठवतंय ना, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं आणि केवढा गदारोळ झाला? रशियन मुलं तसंच मोजतात. आपल्याला शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं पाठ करावं लागतं. एकोणसाठ, एकोणसत्तर, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी... परदेशी माणसाला हे शिकवून बघा एकदा! त्या मानाने रशियनमध्ये एक ते एकोणीस आणि मग दहा-दहाचे टप्पे, एवढं केलं की नव्व्याण्णवपर्यंत पोचता येतं.

त्या टप्प्यांत दोन वात्रट कार्टी आहेत. पन्नास 'पिद्दिस्यात', म्हणजे पाच दहा. साठ, सत्तर, ऐंशीही तसेच. या न्यायाने चाळीस म्हणजे 'चार दहा' असायला हवं होतं, पण ते आहे 'सोरक'. चाराचा आणि दहाचा मागमूस नाही. हा शब्द सेबल नावाच्या प्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारात होता. चाळीस कातड्यांचा एक गठ्ठा, त्याला 'सोरक' म्हणत. सेबलची फर म्हणजे त्या काळची रोकडच होती. चाळीसचं नाव या गठ्ठ्यावरून पडलं असं बरेच अभ्यासक मानतात. दुसरं कार्टं नव्वद, 'दिविनोस्ता'. त्यात नऊ आहे आणि शंभरही आहे. पाठ करा आणि सोडून द्या.

आता खरी अवघड जागा. इथे थोडं थांबणार आहे, कारण शिकायला सुरुवात केलेले बरेच जण इथेच पुस्तक मिटतात.

(स्क्रीनवर: १ रुब्ल्य, २ रुब्ल्या, ५ रुब्ल्येय)

एक रूबल 'अदीन रुब्ल्य'. दोन रूबल 'द्वा रुब्ल्या'. तीन आणि चारलाही 'रुब्ल्या'च. पाच झाले की 'प्यात्य रुब्ल्येय'. पाचपासून वीसपर्यंत हेच. एकवीस आले की पुन्हा 'रुब्ल्य', एकवचन! बावीस ते चोवीस 'रुब्ल्या', पंचवीस 'रुब्ल्येय'. म्हणजे बघायचं ते शेवटच्या शब्दाकडे. शेवटी 'अदीन' ऐकू आलं की एकवचन. अकरा ते चौदामध्ये शेवटी 'अदीन' किंवा 'द्वा' सुटा ऐकू येत नाही, म्हणून ते 'रुब्ल्येय'वाल्यांत.

हे असं का? ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांनी देवः, देवौ, देवाः आठवा. एकवचन, द्विवचन, बहुवचन. जुन्या रशियनमध्येही द्विवचन होतं. पुढे ते गेलं, पण दोनच्या शेजारी त्याचं रूप तसंच चिकटून राहिलं, आणि तीन-चारनेही तेच उचललं. हे रूप दिसायला षष्ठीच्या एकवचनासारखं होतं, म्हणून आजचं व्याकरण त्याला षष्ठी म्हणतं. पाचपासूनचे आकडे त्या काळी नामं होती. म्हणजे 'पाच रूबल' नव्हे, 'रूबलांचं पंचक'. 'रूबलांचं' आलं की षष्ठी बहुवचन आलंच. मराठीने द्विवचन केव्हाच सोडलं, त्यामुळे आपल्याला हे खटकतं. संस्कृतवाल्यांना कमी खटकेल.

एक जुनं उदाहरण देतो, आपल्याच मातीतलं. अफनासी निकितिन हा त्वेर शहराचा व्यापारी पंधराव्या शतकात चौल बंदरात उतरला आणि तिथून जुन्नरला गेला. बरोबर एक घोडा होता, विकायला आणलेला. तो लिहून ठेवतो की हा घोडा मला शंभर रूबलना पडला. आजच्या रशियनमध्ये शंभर रूबल म्हणजे 'स्तो रुब्ल्येय'. एकशे दोन असते तर 'स्तो द्वा रुब्ल्या'. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडाच ताब्यात घेतला, पण ती गोष्ट व्याकरणाच्या बाहेरची.

वयाला तर शब्दच बदलतो. एक वर्ष 'अदीन गोद', दोन वर्षं 'द्वा गोदा', पाच वर्षं 'प्यात्य ल्येत'. 'ल्येत' हा मुळात उन्हाळ्याचा शब्द. पाच उन्हाळे! आपण म्हणतो ना, त्याने सत्तर पावसाळे पाहिलेत? त्यांच्याकडे पावसापेक्षा उन्हाची किंमत जास्त, म्हणून उन्हाळे.

लिंगाचं काय? रशियनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, त्यामुळे हिंदीवाल्यांपेक्षा आपण एक पाऊल पुढे. एकला तिन्ही रूपं आहेत, 'अदीन, अदना, अदनो'. दोनला दोन, पुल्लिंगी-नपुंसकलिंगी 'द्वा' आणि स्त्रीलिंगी 'द्व्ये'. दोन मिनिटं 'द्व्ये मिनूती', कारण मिनिट त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. तीनपासून ही भानगड संपली.

आणि माणसं मोजायची असतील तर? आम्ही दोघं, 'नास द्वोये'. तिघं 'त्रोये', चौघं 'च्येत्विरा'. इंग्रजीत 'दोघं' म्हणायला असा नेमका आकडा नाही, आपल्याकडे आहे आणि रशियनांकडेही. पण आपली गाडी चौघांवर थांबते आणि पुढे 'पाच जण' होतात. ते 'प्यातिरा', 'शेस्तिरा', 'स्येमिरा' करत सातापर्यंत सहज जातात. 'दोन बायका' म्हणायचं असेल तर मात्र त्यांच्या व्याकरणात 'द्वोये' बसत नाही, साधं 'द्व्ये' लावायचं. आपल्यासारखं 'दोघी' त्यांच्याकडे नाही. इथे मराठी सरस, मी तर म्हणेन.

आणखी एक गंमत. 'प्यात्य मिनूत' म्हणजे पाच मिनिटं. क्रम उलटा केला, 'मिनूत प्यात्य', की झाली पाचेक मिनिटं. अंदाजे. आपण आकड्याला 'एक' चिकटवतो, ते जागा बदलतात. रशियन मित्र 'मिनूत प्यात्य' म्हणाला तर चहा टाकायला हरकत नाही.

वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या आपल्या मुलांनी पुढचं नीट ऐका. फोन नंबर सांगताना रशियन माणूस बहुधा एकेक आकडा सांगत नाही. शेवटचे सात आकडे तो तीन, दोन, दोन असे तोडतो. एकशे तेवीस, पंचेचाळीस, सदुसष्ट. म्हणून पहिल्या दिवसापासून शंभरच्या पटीतले आकडे कानात बसवा. दुकानात 'पिद्दिस्यात'चं 'पिय्स्यात' होतं आणि हजार म्हणजे 'तीसिचा'चं 'तीश्शा'. रशियनमध्ये लिहिताना दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, ते बघून घाबरू नका. लाख-कोटी विसरा, हजारानंतर थेट 'मिलिओन', आणि आपला एक अब्ज म्हणजे 'मिलियार्द'. इमारतीचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. तिसऱ्या मजल्यावर बोलावलं तर आपल्या हिशोबाने दुसऱ्यावरच थांबा.

शेवटचं, फुलं. कुणाकडे जाताना गुच्छ न्यायचा तर फुलं विषम संख्येत न्या. सम संख्येतली फुलं अंत्यविधीला नेतात. आपण पाकिटात १०१ घालतो, त्यामुळे विषम आकडा आपल्याला नवा नाही. फुलवाली विचारेल किती. तीन गुलाब 'त्री रोज़ी', पाच गुलाब 'प्यात्य रोस'. आता १०१ गुलाब कसे मागाल? गुलाब त्यांच्याकडे स्त्रीलिंगी आहे, एवढंच सांगतो. उत्तर कॉमेंटमध्ये टाका.