डिफ्रॅग मारावे की मारू नये?

(दृश्य : संध्याकाळची वाशी. रस्त्यांवरच्या सेक्टर क्रमांकांच्या पाट्या.)

नवी मुंबईत पत्ता विचारला, की आधी सेक्टरचा आकडा सांगितला जातो. संगणकाच्या हार्ड डिस्कवरही पत्ता सेक्टरनेच, म्हणजे तिच्यावर आखलेल्या छोट्या कप्प्यानेच, लागतो. मात्र तिथे एकाच घरातली माणसे वाशी, नेरूळ आणि ऐरोलीत विखुरलेली असू शकतात, आणि त्यांना गोळा करायला धावणारा माणूस एकटाच असतो. फाइलच्या या विखुरण्याला फ्रॅगमेंटेशन म्हणतात, आणि तिचे तुकडे पुन्हा सलग मांडण्याला डिफ्रॅगमेंटेशन. दुकानात येणारा ग्राहक मात्र ‘पीसी स्लो झालाय, डिफ्रॅग मारून द्या’ एवढेच म्हणतो.

(दृश्य : दुरुस्तीचे दुकान. झाकण काढलेली हार्ड डिस्क.)

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवा तो सेक्टर हेडखाली, म्हणजे मजकूर वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी ४ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ जातो, आणि हेडला एका वर्तुळावरून दुसऱ्यावर सरकायला त्याखेरीज आणखी ८ ते १० मिलिसेकंद. फाइल सलग असेल, तर ही वाट एकदाच पाहावी लागते. तिचे दूरदूर पसरलेले १,००० तुकडे असतील, तर बारा-चौदा सेकंद निव्वळ धावपळीत जातात.

डिस्कवर फाइली मांडण्याच्या जुन्या फॅट पद्धतीत मोकळा दिसेल तो क्लस्टर (सेक्टरांचा गट) देऊन टाकला जाई, त्यामुळे तुकडे होणे अटळच होते. १९९३ च्या एमएस-डॉस ६.० मध्ये डिफ्रॅगची आज्ञा आली, आणि पुढे विंडोज ९५ व ९८ मध्ये ते रंगीत चौकोन आले, जे कित्येकांनी टीव्ही पाहावा तसे तासन्‌तास पाहिले आहेत. मध्येच एखाद्या प्रोग्रामने डिस्कवर काही लिहिले, की सारे काम पहिल्यापासून सुरू होई.

नंतरच्या फाइल सिस्टिमनी, म्हणजे फाइली मांडण्याच्या पद्धतींनी, विखुरल्यावर आवरण्यापेक्षा विखुरूच न देण्यावर भर दिला. डिसेंबर २००८ मध्ये लिनक्स २.६.२८ सोबत स्थिर ठरलेली एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम फाइलला जागा देण्याची घाई करत नाही. मजकूर आधी मेमरीत साठू देते, आणि इमारत केवढी होणार हे कळल्यावरच भूखंड देते. मॅक ओएस एक्स १०.३ ने २००३ मध्येच २० एमबीपेक्षा लहान, पण फार तुकडे झालेल्या फाइली उघडता उघडता सलग करण्याची सोय केली होती.

तरीही ‘आधुनिक फाइल सिस्टिमला डिफ्रॅग लागतच नाही’ हे विधान आम्हाला अर्धेच खरे वाटते. डिस्क काठोकाठ भरली, की हुशार वाटपालाही उरलेल्या फटींतच जागा द्यावी लागते. लिनक्सवरचीच बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम तर प्रत्येक बदल नव्या जागी लिहिते, त्यामुळे सतत बदलणाऱ्या डेटाबेसच्या फाइलचे तिथे अतोनात तुकडे होतात. एक्स्ट४ साठीही ‘ई४डीफ्रॅग’ नावाचे साधन आहेच. गरजच नसती, तर ते कोणी लिहिले नसते.

(दृश्य : तळहातावर मावणारी एसएसडी.)

एसएसडी मजकूर चिपवर साठवते. इथे तबकडी नाही, हेडही नाही. फाइल सिस्टिमला जो पत्ता सलग दिसतो, तो आतल्या चिपवर सलग असेलच असे नाही, कारण खरी जागा एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, ठरवतो. त्यामुळे इथे तुकडे जुळवण्याचा फायदा सहसा नगण्य, आणि त्यापायी होणारे लेखन मात्र चिपमधल्या साठवणीच्या पेशी झिजवणारे. विंडोज ८ पासून डिफ्रॅगचे तेच जुने साधन एसएसडी ओळखून प्रामुख्याने ‘ट्रिम’ ही सूचना पाठवते, म्हणजे कोणत्या जागेतला मजकूर आता नको आहे, एवढे तिला कळवते. हार्ड डिस्कच्या डिफ्रॅगचे काम तर विंडोज व्हिस्टापासूनच ठरलेल्या वेळी आपोआप होत आले आहे.

(दृश्य : पुन्हा दुकान. ग्राहकाच्या संगणकाचा पडदा.)

या संगणकात सी ही एसएसडी आहे आणि डी ही जुनी हार्ड डिस्क. लग्नाच्या व्हिडिओंनी डी जवळजवळ भरली आहे. दुकानदार डिफ्रॅगचे बटण दाबत नाही. विंडोज एक्सपीचे साधन तुकडे जुळवायला १५ टक्के जागा मोकळी मागत असे, तो हिशेब त्याच्या अजून लक्षात आहे. ‘आधी यातलं काय काढायचं ते सांगा,’ असे म्हणून तो माउस ग्राहकाकडे सरकवतो.