पोर्ट असलेल्या मुलाला ताप आला तर

नमस्कार मंडळी, मी खारघरमधून बोलतेय, लहान मुलांच्या केमो वॉर्डात नर्स आहे. इथे टाटाचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर हॉस्पिटल आहे त्यामुळे पार कळंबोली-पनवेलपर्यंत भाड्याच्या खोल्या घेऊन पोरांची ट्रीटमेंट करणारे कितीतरी आईबाप आहेत, आज त्यांच्याशीच बोलायचंय.

पोर्ट म्हणजे छातीवर कातडीच्या आत बसवलेली छोटीशी डबी, तिची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. सारखं हाताला टोचावं लागत नाही, अंघोळ होते, शाळा होते, मला विचाराल तर खूप मोठी सोय आहे. पण नळी थेट रक्तात आहे ना, मग जंतू तिथे बसले की रक्तात पसरायला वेळ लागत नाही.

घरी काय होतं, रात्री अंग तापतं, कोणीतरी म्हणतं पॅरासिटामॉल दे, सकाळी बघू. नका हो असं करू! ताप 100.4 झाला, किंवा पोर्ट फ्लश केल्यावर, म्हणजे नळीत सलाईन सोडून ती धुतल्यावर, थोड्याच वेळात पोराला हुडहुडी भरली, तर तसंच उठा आणि निघा, पाऊस असो, लोकल बंद असो, रिक्षा करा, आणि निघतानाच वॉर्डला फोन लावा. केमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, अशा मुलाला पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गोळीने ताप दबतो, इन्फेक्शन आत वाढतच राहतं.

दुसरं, औषध द्यायच्या आधी आम्ही सिरिंज मागे ओढून बघतो, नळीत लाल रक्त आलं पाहिजे. नाही आलं तर पोराला हात वर कर, खोक, मान वळव असं सांगतो, कधी तेवढ्याने येतं, कधी आत गुठळी असते मग ती विरघळवायचं औषध घालून थांबावं लागतं. तुमची घाई असते, कळतं मला, पण डॉक्सोरुबिसिनसारखं लाल औषध शिरेबाहेर गळलं तर कातडी आणि आतलं मांस जळतं. म्हणून पोर "जळजळतंय" म्हणालं की लगेच सिस्टरला हाक मारा, ते नाटक करतंय असं समजू नका.

मानेला, हाताला सूज किंवा डबीवरची कातडी लाल, पातळ दिसली तरी दाखवा. गल्लीतल्या क्लिनिकमध्ये साध्या सुईने पोर्ट टोचू देऊ नका, त्याची हबर सुई वेगळी असते. आणि केमो संपली तरी पोर्ट काढेपर्यंत आपापल्या हॉस्पिटलने दिलेल्या तारखेला, साधारण दर 4 ते 6 आठवड्यांनी, फ्लशला यायचंच, गावी गेला असाल तर तिथे कुठे करून मिळेल ते निघायच्या आधीच आम्हाला विचारून घ्या.