उतार दिसतो, चढ दिसत नाही: डॉक्टर आणि बायपोलर

एक रेसिडेंट डॉक्टर डोळ्यांसमोर आणा. रात्रभर कॅज्युअल्टीत, सकाळी राउंडला हजर, तोही एकदम ताजातवाना. दुपारी झोपायचं सोडून थिसिस काढलाय, ज्युनियरच्या डिस्चार्ज समरी लिहून देतोय, बोलायला लागला की थांबतच नाही. सर खूश. म्हणतात, ‘पोरगा कामाचा आहे.’

मेख इथेच आहे. दमूनही झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. दोन-तीन तासांच्या झोपेवर माणूस सलग ४ दिवस असा उधाणलेला राहिला, नेहमीपेक्षा वेगळा वागू लागला, तर तो हायपोमॅनिया, म्हणजे मनाचा सौम्य चढ, असू शकतो. वैद्यकीत मात्र त्याला शाबासकी मिळते! त्यात बायपोलर, म्हणजे मन कधी असं चढतं तर कधी उदासीत उतरतं तो आजार, सुरू व्हायचं वय बहुतेकदा विशीच्या आगेमागे, म्हणजे नेमकी कॉलेजची आणि रेसिडेन्सीची वर्षं. आणि मॅनियाला, म्हणजे तीव्र चढाला, चिथावणारी गोष्ट कोणती? झोपमोड.

मग उतार लागतो. आता उदासी दिसते, पण मदत कोण मागतो? डॉक्टरकीचा परवाना जाईल याची धास्ती, ‘लोक काय म्हणतील’ची त्याहून जास्त. गडी स्वतःच अँटिडिप्रेसंट, म्हणजे उदासीवरचं औषध, सुरू करतो. बायपोलरमध्ये हे औषध एकटंच दिलं तर काही जण थेट मॅनियात जातात.

बॉस्टनच्या पेरी बेअर्ड या डॉक्टरांना हाच आजार होता. त्यामागे शरीरातलं रसायन असावं, हा शोधनिबंध त्यांनी १९४४ मध्ये छापला. त्याच वर्षी ते स्वतः मनोरुग्णालयात होते. जॉन केड या डॉक्टरांनी मॅनियावर लिथियम या औषधाचा गुण दाखवला १९४९ मध्ये, अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९७० मध्ये. बेअर्ड १९५९ मध्येच गेले.

आज लिथियम आहे, पण ते सांभाळून घ्यावं लागतं. गुणाची आणि विषबाधेची पातळी अगदी जवळजवळ. ओटीत तासन्‌तास पाण्याविना उभं राहायचं, वर पाठ दुखते म्हणून आयबुप्रोफेनची गोळी घ्यायची, की रक्तातली लिथियमची पातळी चढलीच. म्हणून रक्ततपासणी हवी, थायरॉइड-किडनीवर लक्ष हवं, आणि नाइट ड्यूटी बदलून मागायची तीही उपचार म्हणूनच. सवलत कसली त्यात?

बॅचमेटला विचारा, ‘झोपलास किती?’ ‘दोन तास, आणि भन्नाट वाटतंय’ असं चार दिवस ऐकू आलं, तर त्याला सायकिअ‍ॅट्रीच्या ओपीडीत घेऊन जा. मरायची भाषा करत असेल, तर तिथे पोचेपर्यंत एकटं सोडू नका.