सही होण्याआधी

(पडद्यावर: सकाळची धंतोली. औषधांच्या दुकानांची शटरं वर जाताहेत. ऑटोमधून उतरणारे पेशंट, हातात एक्स-रेची पाकिटं.)

नागपुरात धंतोली आणि रामदासपेठ म्हणजे दवाखान्यांची वस्ती. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, यवतमाळ, शिवाय मध्य प्रदेशातले छिंदवाडा-बालाघाट, एवढ्या मुलखातले पेशंट इथं येतात. पहाटेची बस धरायची, उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग बाहेरच्या टपरीवर तर्री-पोहे. मधुमेह, दमा, संधिवात, किडनीचं दुखणं ज्यांच्या मागं वर्षानुवर्षं लागलंय, त्यांचा हा ठरलेला क्रम आहे.

यातल्याच एका रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, संशोधन विभाग आहे. बाजारात यायच्या आधी औषधाची जी परीक्षा होते, तिला इथं सगळेजण ट्रायल म्हणतात.

(पडद्यावर: फ्रीजचं काचेचं दार. आत ओळीनं खोके, प्रत्येकावर फक्त क्रमांक.)

या खोक्यांवर औषधाचं नाव नाही. आत खरं औषध आहे की तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं इंजेक्शन, म्हणजे प्लासिबो, हे खोका देणाऱ्या सिस्टरला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. कोणाला कोणता क्रमांक द्यायचा ते संगणक ठरवतो. पेशंटच्या जिवावर बेतलं, तर मात्र काय दिलं होतं ते तात्काळ उघड करायची सोय ठेवलेली असते.

फ्रीजचं तापमान २ ते ८ अंश. नागपुरात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा हे सहा अंश सांभाळणं हे इथलं मोठं काम. रोजची नोंद, लाइट गेली तर जनरेटर, आणि आकडा रेषेबाहेर गेलाच तर त्या खोक्यांवर लाल पट्टी. औषध बनवणाऱ्या कंपनीकडून लेखी उत्तर येईपर्यंत त्यातलं एकही इंजेक्शन कोणाला द्यायचं नाही. इथल्या फार्मासिस्ट ताई सुटीच्या दिवशीही मोबाइलवर हा आकडा बघतात.

(पडद्यावर: कोऑर्डिनेटरच्या टेबलावरचा फोन, रजिस्टर, रिपोर्टांचा गठ्ठा.)

ट्रायलसाठी पेशंट मिळवणं लोकांना वाटतं तितकं सोपं नाही. मधुमेहाची ट्रायल घ्या. शुगर फार वाढलेली असली तरी नाव बाद होतं, फार आटोक्यात असली तरी बाद. किडनीचा रिपोर्ट बिघडला, बाद. दुसऱ्या एखाद्या आजाराची अमुक गोळी चालू आहे, बाद. आता आपल्याकडचा साठीचा माणूस घ्या. त्याला शुगर असते, बीपी असतं, गुडघे दुखत असतात. एकच आजार घेऊन येणारा पेशंट शोधावा लागतो. आम्हाला हे खटकतं. उद्या जे औषध या माणसाला लिहून दिलं जाईल, त्याची परीक्षा त्याच्यासारख्यांवर पुरेशी झालेली नसते.

विदर्भाचं म्हणून एक दुखणं आहे, सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार. भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातली. पण आज पूर्व विदर्भातल्या गावागावांत सिकलसेल तपासणीचा निकाल सांगणारी लाल-पिवळी कार्डं लोक पाकिटात बाळगतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. उपचारात मुख्य आधार अजून हायड्रॉक्सीयुरिया या जुन्या औषधाचाच. अमेरिकेत २०१९ साली मंजूर झालेलं व्होक्सेलोटर नावाचं नवं औषध सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं जगभरातून मागं घेतलं, कारण पुढच्या चाचण्यांमध्ये मृत्यू आणि वेदनेचे झटके जास्त दिसू लागले. मंजुरीनंतरही चाचण्या चालू होत्या, म्हणून ते कळलं.

(पडद्यावर: लहान खोली. दोन खुर्च्या, टेबल, स्टँडवर कॅमेरा. कॅमेऱ्याचा लाल दिवा.)

आता ज्या खोलीसाठी हा माहितीपट केला, ती खोली.

नवा पेशंट ट्रायलमध्ये येतो तो या दारातून. टेबलावर माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठीत, वीसेक पानांचं. समोर डॉक्टर आणि कोऑर्डिनेटर. आणि हा कॅमेरा.

हा कॅमेरा इथं कसा आला? इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचानं २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. देशात माणसांवर चाचण्या होतात, आणि आपल्यावर काय चाललंय हे कित्येकांना ठाऊकच नसतं, ही तक्रार होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयानं संमतीची प्रक्रिया आवाजासह चित्रित करायला सांगितलं. दोन वर्षांनी ही सक्ती नव्या रेणूच्या, म्हणजे पूर्वी न वापरलेल्या, औषधांच्या चाचण्यांपुरती, आणि त्यातही दुर्बल गटातल्या सहभागींपुरती उरली. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या चाचण्यांत तर चेहरा येऊ नये म्हणून फक्त आवाज. मार्च २०१९ मध्ये नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्यांचे नियम आले, त्यातही हे कायम आहे. या रुग्णालयात मात्र प्रत्येकाचंच चित्रण होतं, आणि आमच्या मते तेच बरोबर आहे.

(पडद्यावर: फक्त हात. पानं उलटणारी बोटं, चष्म्याची केस.)

उमरेडचे एक काका. एसटीत वाहक होते, आता निवृत्त. चौदा वर्षं शुगर. त्यांच्या आणि एथिक्स कमिटीच्या, म्हणजे ट्रायलला मंजुरी देणाऱ्या समितीच्या, परवानगीनं, चेहरा न दाखवता, आम्ही या खोलीत थांबलो.

कोऑर्डिनेटर ताईंनी पान वाचून दाखवायला सुरुवात केली. दुसऱ्याच पानावर काकांनी हात वर केला.

"मॅडम, माही आधीची गोळी बंद करा लागन का?"

"नाही काका, ती चालूच राहील. हे इंजेक्शन तिच्यावर जास्तीचं."

"अन् मले ते पाण्याचंच इंजेक्शन भेटलं तं?"

"भेटू शकतं. मलाही कळणार नाही, तुम्हालाही नाही."

काका गप्प. मग म्हणाले, "मंग सहा महिने येऊन माहा फायदा काय?"

ताईंनी घाई केली नाही. त्या म्हणाल्या, फायदा होईलच असं मी सांगू शकत नाही. तपासण्या फुकट होतील, येण्या-जाण्याचं भाडं मिळेल, तब्येतीवर लक्ष राहील. पण औषध लागू पडतं की नाही हे बघण्यासाठीच ही ट्रायल आहे. आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर सोडा, इथला तुमचा नेहमीचा इलाज थांबणार नाही.

हे उत्तर आम्ही मुद्दाम न कापता ठेवलंय. डॉक्टरांवर आपल्या माणसांचा केवढा विश्वास असतो! डॉक्टर म्हणतात ना, मग कुठं सही करू सांगा. त्या विश्वासाचा फायदा उठवायचा नाही, हे ज्याला कळतं त्यानंच या खुर्चीत बसावं.

(पडद्यावर: शाईचा पॅड, अंगठा. बाजूला बसलेली दुसरी बाई.)

रामटेककडच्या या मावशींना वाचता येत नाही. म्हणून शेजारी साक्षीदार आहे. साक्षीदाराचा ट्रायलशी काही संबंध नसावा लागतो, आणि नुसतं सहीपुरतं येऊन चालत नाही, पहिल्या वाक्यापासून हजर राहावं लागतं. मावशींना डॉक्टरांनी विचारलं, आता तुम्हीच सांगा, आम्ही काय करणार आहोत? मावशींनी सांगितलं. एक गोष्ट चुकली, किती वेळा रक्त घेणार ती. ते पान पुन्हा वाचलं गेलं. मग अंगठा.

(पडद्यावर: बैठकीच्या खोलीचं बंद दार. बाहेर चपला-बूट.)

एथिक्स कमिटीची चर्चा गोपनीय, त्यामुळं आमचा कॅमेरा बाहेरच. आत किमान सात सदस्य लागतात. त्यात डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार हवा, किमान एक महिला हवी आणि एक अगदी सामान्य माणूस हवा. निम्मे सदस्य रुग्णालयाबाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. यांच्या मंजुरीशिवाय एकाही पेशंटचं नाव घेता येत नाही.

ट्रायलमुळं अपाय झाला तर उपचार आणि भरपाई देणं प्रायोजकावर, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीवर, बंधनकारक आहे, आणि गंभीर घटना घडली तर डॉक्टरांनी ती चोवीस तासांत कळवायची असते.

(पडद्यावर: लॅपटॉपचा पडदा. एक क्रमांक, सीटीआरआयपासून सुरू होणारा.)

प्रत्येक ट्रायलला असा क्रमांक असतो. पहिला पेशंट घेण्याआधी तो काढावा लागतो. सीटीआरआय म्हणजे देशातल्या ट्रायल्सची नोंदवही. ती २००७ पासून आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, चालवते आणि ती कोणालाही फुकट बघता येते. कोणता आजार, कोणते पेशंट चालतील, नागपुरात कुठं, जबाबदार डॉक्टर कोण, सगळं त्यात असतं. तुम्हाला कोणी ट्रायलबद्दल विचारलं तर हा क्रमांक मागा. संमतीपत्राची सही झालेली एक प्रत तुमची असते, ती घेतल्याशिवाय उठू नका. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. तो तुमच्यासाठीच छापलेला आहे.

(पडद्यावर: पुन्हा तीच लहान खोली. या वेळी तीन खुर्च्या.)

काकांनी त्या दिवशी सही केली नाही. कागद घरी नेले. पुढच्या आठवड्यात ते मुलीला घेऊन आले. मुलीनं पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. तिनं विचारलं, रात्री बाबांची साखर एकदम उतरली आणि उमरेडहून नागपूरला आणायची वेळ आली, तर गाडी कोण करेल, पैसे कोण देईल? पत्रकात उपचारांचा खर्च लिहिला होता, गाडीचा नव्हता. डॉक्टर म्हणाले, हे मला कंपनीला विचारावं लागेल, लेखी उत्तर आल्यावर बोलू.

काका म्हणाले, "चालते. उत्तर येऊ द्या. मंग या हप्त्याचं भाडं लावा तेवढं."

भाडं लावलं गेलं. उत्तर अजून यायचं आहे.